येळवसची ड्युटी

१७ नोव्हेंबर, सोम.

इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आला. ऐकणं, वाचणं, लिहिणं, तिन्ही पेपर सुटले. बोलणं साडेसहा. पाहिजे सात. अर्ध्यावरून गेलं! सहा वर्षं वॉर्डात बोलून बोलून पेशंटची डोकी उठवणारी मी, आणि गेले कशात, तर बोलण्यात. अब्बा तर हसायलाच लागले.

कारण मला पक्कं माहीत आहे. परीक्षेतल्या बाईंनी विचारलं, सुट्ट्या आणि सण ह्यावर बोला. क्लासच्या सरांनी घोटून घेतलेली दिवाळी मी धाडधाड म्हणून टाकली. दिवे, रांगोळी, फराळ, नवे कपडे, सगळं. मग बाईंनी सहज विचारलं, गेल्या दिवाळीत तुम्ही स्वतः काय केलंत? मी खरं बोलले, "आय वॉज ऑन ड्युटी." आणि पुढं तोंडाला कुलूप. काय सांगणार? लक्ष्मीपूजनाला मी फटाक्यानं भाजलेल्या पोरांच्या हातांना ड्रेसिंग करत होते. रांगोळी जन्मात काढलेली नाही.

पण चांगली बातमी ही की एकटा बोलण्याचा पेपर पुन्हा देता येतो. न्यूझीलंडच्या हॉस्पिटलची मेल परत वाचली. ३१ डिसेंबरच्या आत सात दाखवा, नर्सची जागा तुमची. नाही दाखवले तर यादीतल्या दुसरीची. ठीक आहे. दाखवते.

(वही मराठीतच लिहायची. अम्मीला मराठी वाचता येत नाही. अब्बांना येतं, पण मोटारीच्या वायंडिंगचा तक्ता सोडून ते काही वाचत नाहीत.)

१९ नोव्हेंबर, बुध.

सरांचा फोन. पुण्याहून ऑनलाइन शिकवतात, कधी प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. म्हणाले, "मॅडम, दिवाळी सोडा. तुमची ईद सांगा. मनापासून येईल."

आरशासमोर उभी राहिले, मोबाइलवर परीक्षेची दोन मिनिटं लावली. पहाटे उठते. ऐंशी जणांचा शीरखुर्मा ढवळते. पुरुष नमाजला जातात, पाहुणे येतात, भांडी घासते. दुपारी झोपते. अडतीस सेकंदांत ईद संपली! सरांना ऐकवलं तर म्हणतात, "झोपते म्हणू नका."

मग काय म्हणू? वर्षात तोच एक दिवस भरपेट झोप मिळते.

२२ नोव्हेंबर, शनि.

आज चेंजिंग रूममध्ये कॅलेंडरसमोर उभी राहून विचार करत होते की माझ्याकडे सांगण्यासारखा सण का नाही. उत्तर समोरच भिंतीवर होतं.

आमच्या हॉस्पिटलात सणाच्या ड्युट्या ऑफिस ठरवत नाही. नवं कॅलेंडर टांगलं की आम्हीच सगळ्या पेन्सिलीनं आपापलं अक्षर टाकतो. मी दसरा, दिवाळी, पाडवा, येळवस घेते. त्या बदल्यात माझ्या दोन्ही ईदी बाकीच्या सांभाळतात. वनिता तर रमजान ईदला दोन शिफ्ट सलग काढते, म्हणजे मला उगीच कुणाचे आभार मानत फिरावं लागत नाही. वनिता म्हणजे नर्सिंगला माझ्याच खोलीत होती, आता सिरसाळ्याची सून. इथून पुढं व. सहा वर्षं झाली, ह्या पेन्सिलीवरून कधी भांडण नाही.

म्हणजे सगळे सण माझ्याकडं येतात, पण डब्यात. दिवाळी चिवड्याच्या डब्यात, पाडवा श्रीखंडाच्या डब्यात, येळवस तर तीन डब्यांत आणि एका बाटलीत. मी खाते आणि डबा घासून परत देते. हे काही परीक्षेत सांगण्यासारखं आहे का?

२६ नोव्हेंबर, बुध.

तारीख घेतली! संभाजीनगरच्या सेंटरला दोनच दिवस मोकळे दिसत होते, १९ डिसेंबर आणि ९ जानेवारी. जानेवारी म्हणजे वरातीमागं. १९ वर बोट दाबलं, पैसे गेले, मेल आली. उडी मारली. कॉट नंबर सहाचे आजोबा दचकून उठले.

पळत जाऊन व.ला सांगितलं. तिचा चेहरा पडला.

"अगं शाहीन, एकोणीसला तर येळवस हाय."

कॅलेंडर बघितलं. १९ डिसेंबर, शुक्रवार, वेळ अमावस्या. आणि त्या चौकोनात पेन्सिलीनं "शा." माझ्याच हातानं लिहिलेलं.

२८ नोव्हेंबर, शुक्र.

सगळ्यांना विचारून झालं. दोघींनी ऐकूनच घेतलं नाही. एक म्हणाली, "दिवाळी घेते तुझी, दोन दिवाळ्या घेते, पण येळवस नगं मागूस."

मला कळतं. येळवसला परळी ओस पडते. दुकानांना कुलपं, रिक्षा नाही, दूधवाला नाही. सगळं गाव कुणाच्या ना कुणाच्या रानात जेवायला. ज्याला रान नाही त्याला दहा जणांचं बोलावणं. भरती झालेले पेशंटसुद्धा आदल्या दिवशी डिस्चार्ज मागतात. प्लास्टर घातलेला एक जण गेल्या वर्षी बैलगाडीत आडवा पडून गेलता. तरी वॉर्डात कुणीतरी लागतंच. ते कुणीतरी म्हणजे मी.

कळतं, पण राग यायचा तो आलाच. सहा येळवशी मी काढल्या. एक, फक्त एक मागतेय.

२ डिसेंबर, मंगळ.

मंगल सिस्टरांकडं गेले. त्या इनचार्ज. वीस वर्षांची नोकरी, आवाज चढवत नाहीत, पण त्यांचा शब्द डॉक्टरही मोडत नाहीत.

म्हणाल्या, "दुसरा कंचाबी दिवस माग, मी स्वतः वॉर्डात हुबी राहते. येळवसचं माझ्या हातात न्हाई. तुमीच पेन्सिलीनं लिव्हता, तुमीच मिटवा."

मी म्हणाले, "पेन्सिल काय फक्त माझ्याच नावाची असते का?"

असं बोलायला नको होतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं, परत येऊन सात इंजेक्शनं दिली. सातव्या पेशंटनं विचारलं, "सिस्टर, आज जोरात दिलं व्हय?"

परीक्षा सोडायची नाही. नोकरी सोडावी लागली तर… बघू.

५ डिसेंबर, शुक्र.

जेवताना अब्बांना सगळं सांगितलं. सुट्टीचं पण आणि सण सुचत नाही ते पण. अब्बांचं दुकान परळीत बसस्टँडमागं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी वायंडिंग करून देतात. सिरसाळ्यापर्यंत असा एक शेतकरी नसेल ज्याची मोटार त्यांनी खोलली नाही. त्यामुळं येळवसला त्यांना नऊ-दहा रानांतून बोलावणं असतं. सगळीकडं जेवावं लागतं. संध्याकाळी पोट धरून येतात आणि दुसऱ्या दिवशी फक्त ओव्याचं पाणी पितात.

मला म्हणाले, "सण कावून सुचंना? येळवस सांग की."

"ती आपली आहे का, अब्बा?"

"दहा रानांत जेवतो मी. माझी न्हाई तर कुणाची?"

अम्मी म्हणाली, "अंगरेजी में थोडा बोलना, बहोत बोलना नक्को." हिला कोण सांगणार की तिथं बहोत बोलायचेच मार्क आहेत.

मग अब्बांनी सगळं सांगितलं, मी वहीत उतरवून घेतलं. कडब्याची खोप, म्हणजे झोपडी. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले, ते पांडव. मातीच्या मडक्यात आंबील. सगळ्या शेंगभाज्या घालून बेसनाची भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगाची पोळी, गव्हाची खीर. दिवस मावळताना दूध उतू घालायचं आणि कडब्याची पेंढी पेटवून रानाभोवती पळायचं. लहानपणी मीही पळालेय! फ्रॉकला ठिणगी पडलेली, अम्मीनं मारलेलं. ते सगळं आठवलं आणि अंगावर काटा आला. इंग्रजीत बोलून बघितलं. दोन मिनिटं दहा सेकंद. न थांबता!

९ डिसेंबर, मंगळ.

व.नं पेन्सिल घेऊन १९ च्या चौकोनातलं माझं "शा." खोडलं आणि तिथं "व." लिहिलं. माझ्यासमोर.

"तू येडी झालीस का? घरची सून येळवसला रानात नसेल तर सासू काय म्हणेल?"

"म्हणू दे. सहा वर्षं म्हणली न्हाई, आता म्हणंल."

तिची सासू म्हणजे गोदामामी. मला वाटलं आता घरात महाभारत. तासाभरात मामींचाच फोन. मी आधीच माफी मागायला लागले.

"गप. मला आधी कावून न्हाई सांगितलंस? मी काय परकी हाय व्हय? पन्नास मान्सांचा सैपाक मी एकटी करते, माझी जाऊ हाय, शेजारणी हायेत. माझी सून तुला दिली दिवसभर. पर तू दिवस मावळायच्या आत रानात आली पायजेस."

"बघते मामी, बस कशी मिळते त्यावर…"

"बघते न्हाई. येते म्हण."

"प्रयत्न करते."

"येते म्हण."

"अहो, पाच तासांचा रस्ता आहे…"

"येते म्हण, मग फोन ठिवते."

"येते, मामी."

फोन बंद झाला. अब्बांना सांगितलं तर म्हणाले, येळवसचं बोलावणं असंच असतं. नुसतं या म्हणून भागत नाही. समोरचा येतो म्हणेपर्यंत त्याला सोडायचं नसतं. सोडलं तर बोलावणं झालंच नाही असं धरतात.

व.ला काय द्यावं कळेना. तिला आवडतात म्हणून परळीतून काचेच्या बांगड्या आणल्या. ड्युटीवर घालता येत नाहीत हे आणल्यावर लक्षात आलं. दोघी खूप हसलो.

१३ डिसेंबर, शनि.

वॉर्डातच प्रॅक्टिस. दुपारची औषधं झाल्यावर व. खुर्चीवर बसली, चष्मा नाकावर ओढला, पेनाऐवजी हातात थर्मामीटर. "यस मॅडम. टेल मी फेस्टिवल." तिचं इंग्रजी ऐकून मला माझं बरं वाटतं.

मी बोलायला लागले. कॉट सहाचे आजोबा ऐकत होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण भज्जी आणि आंबील हे शब्द कळले. लगेच म्हणाले, "भज्जीत चिंच सांगितलीस का?" पलीकडच्या बाई म्हणाल्या, "आमच्यात चिंच न्हाई घालत, ताक घालतेत." झालं. निम्मा वॉर्ड चिंचेचा, निम्मा ताकाचा. एकाचं बीपी वाढलं. मंगल सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "चिंच." सगळे गप्प.

जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला त्यांनी. मला हलकं वाटलं.

१६ डिसेंबर, मंगळ.

सर येळवसच्या विरोधात. "मॅडम, परीक्षक कुठला असेल सांगता येत नाही. त्याला हे नाव माहीत नसेल. कडब्याला इंग्रजी शब्द काय? मधेच अडकलात तर? रिस्क कशाला, दिवाळी परत पॉलिश करू."

अर्धा दिवस डोक्यात गोंधळ. कडब्याला शब्द खरंच माहीत नाही. मग ठरवलं, शब्द नसेल तर हातानं दाखवीन. सकाळी डॉक्टर नसताना पेशंटला आजार समजावते तेव्हा कुठं मोठे शब्द असतात? दिवाळी पॉलिश करून एकदा आपटले आहे.

येळवसच. ठरलं.

१८ डिसेंबर, गुरु.

खालाच्या घरी पोचले, संभाजीनगर. बस तेलगावला अर्धा तास थांबली. खालाची पोरगी कॉलेजात, तिच्यापुढं बोलून दाखवलं. तिनं फोनमधून मान वर काढून ऐकलं. म्हणजे बरं झालं असणार.

व.चा मेसेज: उद्या वॉर्डाची काळजी करू नको, तू फक्त तोंड उघड.

१९ डिसेंबर, शुक्र. बसमध्ये लिहितेय, अक्षर वेडंवाकडं

दिली! संपली! विसरायच्या आत सगळं लिहिते.

दहाची वेळ. लहान खोली, टेबल, आवाज टिपणारं यंत्र. समोर वयस्कर गृहस्थ, राखाडी स्वेटर, चेहऱ्यावर माशी हलत नाही. कुठले ते कळलं नाही. नाव, गाव झालं. मग पहिलाच प्रश्न, सुट्टीच्या दिवशी तुम्ही काय करता?

मी म्हणाले, मी काम करते सर. बाकीच्यांची सुट्टी असते तेव्हा माझं काम जास्त असतं. आणि थांबले नाही! पेन्सिलीचं कॅलेंडर सांगितलं, वनितानं काढलेल्या ईदी सांगितल्या. सगळे सण माझ्याकडं डब्यात येतात हेही सांगितलं. डब्याला टिफिन म्हटलं. त्यांची भुवई जराशी हलली. खरंच हलली.

मग कार्ड पुढं सरकवलं. तुमच्या भागातला महत्त्वाचा सण. तयारीला एक मिनिट. मी कागदावर एकच शब्द लिहिला, चिंच.

मग सुटले. परळी कशी रिकामी होते. खोप हातानं करून दाखवली, दोन्ही कोपर टेकवून. पाच दगड. आंबील. प्लास्टरवाला बैलगाडीत. फ्रॉकची ठिणगी. म्हटलं, ज्याला शेत नाही त्याला सगळ्यांत जास्त बोलावणी, माझ्या अब्बांकडं एक गुंठा नाही आणि ते दहा शेतांत जेवतात. बोलता बोलता समोर खोपच दिसायला लागली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सर, आज तो दिवस आहे. यू मस्ट कम.

इथं थांबायला हवं होतं. थांबले नाही. ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, सर, यू आर कमिंग? त्यांनी कार्डाकडं बोट केलं, म्हणजे पुढं बोला. मी म्हटलं, नो सर, फर्स्ट यू से, आय अॅम कमिंग. ते म्हणाले, "प्लीज कंटिन्यू." आणि मी, या अल्ला, मी म्हटलं, आय कॅनॉट कंटिन्यू सर, आमच्याकडं माणूस येतो म्हणेपर्यंत पुढचं बोलता येत नाही. रस्ता सांगितला. बीडहून वडवणी, तेलगाव, सिरसाळा. कुटुंबाला आणा म्हटलं. परत विचारलं, सो, कमिंग? त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि "थँक यू" म्हणाले. दोन मिनिटं संपली. त्यातलं अर्धं मिनिट मी परीक्षकाला जेवायला बोलावण्यात घालवलं!

त्यानंतर शेवटचा भाग. सणाच्या दिवशी लोकांना कामाला लावणं योग्य आहे का? मी म्हटलं, योग्य की अयोग्य माहीत नाही, पण ह्या क्षणी माझी मैत्रीण माझ्या जागी उभी आहे, तिच्या घरी पन्नास माणसं जेवतायत आणि ती तिथं नाही. मग पुढं बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही, पण इंग्रजीत बोलतेय हे माझ्या मधेच लक्षात आलं, सुरुवातीला नाही. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

उठताना त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. लांब लिहिलं. चांगलं की वाईट?

आता बीड येईल. बस रिकामी. कंडक्टर म्हणाला, आज कोण प्रवास करतंय ताई, सगळे रानात. त्याचाही डबा समोरच्या सीटवर होता.

२० डिसेंबर, शनि. सकाळी

कालचं पुढचं.

सिरसाळ्याला उतरले तेव्हा सव्वापाच. फाट्यावर अब्बा मोटारसायकल घेऊन उभे. जुम्म्याची नमाज सिरसाळ्यातच पढून ते सात रानं जेवून आलेले. मला बघून पहिला प्रश्न, "बोललीस का?" म्हटलं, जास्तच बोलले.

रानात पोचलो तर सूर्य ज्वारीला टेकलेला. खोप! मी इतकी वर्षं विसरले होते की आत वाकून जावं लागतं आणि आत कडब्याचा वास असतो. गोदामामींनी हाताला धरून बसवलं. आंबील मडक्यातनं थेट वाटीत, गार, वर कोथिंबीर. भज्जी चुलीवरनं उतरवलेली, वाफ निघतेय. पहिला घास घेतला आणि जीभ भाजली. सहा वर्षं भज्जी खातेय, जीभ कधी भाजली नव्हती. मला वाटायचं भज्जी गारच असते.

डोळ्यांत पाणी आलं. मामींना वाटलं तिखट झाली.

दूध उतू गेलं, सगळे ओरडले. पेंढ्या पेटवून पोरं पळाली. मीही पळाले, ओढणी कमरेला बांधून, अठ्ठावीस वर्षांची घोडी. अब्बा लांबून ओरडत होते, ठिणगी बघ, ठिणगी बघ!

दम खाताना मामींना परीक्षेचं सगळं सांगितलं. परीक्षकाला बोलावलं, तो काही बोलला नाही, तेही.

"न्हाई म्हणला का?"

"नाही म्हणाले नाहीत. घड्याळाकडं बघितलं."

"न्हाई म्हणला न्हाई ना? मग बोलावणं पोचलं." आणि चुलीजवळच्या परातीकडं बोट केलं. "ह्यातलं सकाळपत्तुर ठिवते. लांबचं मानूस हाय, उशीर व्हतो."

मग डबे भरले. तीन डबे आणि बाटली. ह्या वेळी ते माझ्या मांडीवर, अब्बांच्या मागं बसून परळीपर्यंत. साडेसातला हॉस्पिटलात. व. मला बघून पळत आली. "कसा गेला?" मी म्हटलं, आधी खा.

चेंजिंग रूममध्ये बाकावर बसून तिनं पहिला डबा उघडला. भज्जी गार, वर साय धरलेली. उंडे कडक. आंबील रस्त्यानं हिंदकळून आंबट. तिनं दोन घास खाल्ले आणि थांबली. डब्याकडं बघत राहिली.

"शाहीन, आमी तुला दर साली असलंच गारढोण देतोय व्हय गं?"

"मला आवडतं."

"तू खोटं बोलायलीस."

तिनं सगळं संपवलं, एकही उंडा ठेवला नाही. डबे तिनंच घासले. मी घासते म्हटलं तर हातातनं ओढून घेतले.

२२ डिसेंबर, सोम.

सरांना सांगितलं. ते ओरडलेच, "परीक्षकाला जेवायला बोलावलंत? आणि उत्तर मागितलंत? मॅडम, त्यांना बोलायची परवानगीच नसते!"

आता मला कोण सांगणार होतं? येळवसच्या दिवशी समोर बसलेल्या माणसाला न बोलावता उठले असते तर मामींना काय तोंड दाखवलं असतं? पण अर्धं मिनिट गेलं ते गेलं. तेवढ्यात अजून सात-आठ वाक्यं झाली असती. कधी वाटतं गेलं, कधी वाटतं भुवई हलली होती. जेवण जात नाही. अम्मी म्हणते, पास हुई तो भी रोती, फेल हुई तो भी रोती, अब्बी से रो ले.

निकाल परीक्षेपासून पाच-सहा दिवसांत.

२४ डिसेंबर, बुध.

निकाल उद्या सकाळी असं साइटवर दिसतंय. आज पंधरा वेळा उघडून बघितलं. तेच.

दुपारी मंगल सिस्टरांनी नवं कॅलेंडर आणलं. खिळ्याला टांगलं आणि स्वतः पेन्सिल टोकदार करून दोऱ्यानं बांधली. म्हणाल्या, "औंदा येळवस आधी लिव्हायची. बाकी मागून." आणि पेन्सिल व.च्या हातात दिली.

व.नं डिसेंबरचं पान उलटलं. येळवस नाही. नोव्हेंबर बघितला, नाही. मग जानेवारीपासून बाराही पानं चाळली. कुठंच नाही! सगळ्या गोळा झाल्या. कॅलेंडर खोटं छापलंय म्हणून ओरडा. शेवटी कॉट सहावर आलेल्या नव्या आजी तिथून ओरडल्या, "अधिक महिना हाय गं औंदा. येळवस फुडं गेली, पलीकडच्या जानेवारीत."

एवढं भांडलो आम्ही, आणि येत्या सालात येळवसच नाही. मंगल सिस्टरांना इतकं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

पण व. ऐकणारी नाही. डिसेंबरच्या पानाच्या कोपऱ्यात पलीकडच्या जानेवारीचा पिटुकला तक्ता असतो. तिथं शोधून शोधून तिनं अमावस्या काढली आणि त्या मुगाएवढ्या आकड्याला गोल केला. बाजूला लिहिलं, "शा. सुट्टी." मी म्हटलं, अगं, तेव्हा मी इथं असेन का तिथं, उद्या कळणार आहे, आताच कशाला? तिनं उत्तर दिलं नाही. फोन लावला आणि माझ्या कानाला धरला.

पलीकडून गोदामामी. "पाव्हणा न्हाई आला गं तुझा. परात धुतली मी. फुडल्या येळवसला तू यायलीस ना?"

"मामी, अजून निकाल…"

"ते मला काय कळतंय. येते म्हण."

व. बघत होती. मंगल सिस्टर बघत होत्या. वॉर्डातून घंटी वाजत होती, कुणीच हलेना.

"येते, मामी."

कुठून, ते त्यांनी विचारलं नाही.